प्रकरण चौदावे : मचाणावरचा आवाज

गाड्यांच्या शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी हॉलिंगरांच्या अंगणात जीनचं हेल्मेट बाहेर निघतं आणि ते वर्लच्या मांडीवर असतं. दुसऱ्या कुणी ते धरायचं नाही, हा वर्लने स्वतःच करून ठेवलेला नियम. हेल्मेटात तेहतीस चिठ्ठ्या, तेहतीस चालकांच्या नावांच्या. ज्याच्या हाती जी येईल, तो चालक उद्याच्या पाचशे मैलांपुरता त्याचा. चालक जिंकला तर वर्षभर मिरवायचं, आणि ज्याचा चालक सगळ्यात आधी बाद होईल त्याने रात्रीची सगळी भांडी घासायची. आमच्या स्पीडवे गावात अशा चिठ्ठ्या घरोघरी निघतात. पण मेलेल्या मुलाच्या हेल्मेटातून चिठ्ठ्या काढणारं घर तेवढं एकच.

"बर्नी, आधी तू," वर्ल म्हणाला. म्हातारा ब्याऐंशीचा झाला होता, पण मे महिना लागला की त्याचा आवाज चाळिशीत जायचा. "आणि खिशात शेंगा असतील तर आधी त्या रस्त्यावर टाकून ये."

"काका, एकही नाही. झडती घ्या हवं तर." शेजारच्या बर्नीने दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. शर्यतीच्या आसपास भुईमुगाच्या टरफलाच्या शेंगा म्हणजे अपशकुन, त्या दिसल्या तरी वर्लचं डोकं फिरायचं, म्हणून बर्नी दरवर्षी एक शेंग खिशात ठेवायचा. या वर्षी मात्र ठेवली नव्हती. या वर्षी घरातलीच मुलगी उतरणार होती, आणि तेवढी समज बर्नीला होती.

त्याने चिठ्ठी काढली. "ओस्टरमान! झाली माझी दिवाळी! पाच गाड्यांचा तबेला आहे त्याच्या मागे. मालकाने खिशात हात घातला की इंजिन बाहेर येतं."

"पैसा आहे, छाती नाही," वर्ल म्हणाला. "तिसऱ्या वळणावर वेगावरचा पाय उचलतो तो. शुक्रवारच्या सरावात मी पाहिलंय ना. जरा वारा फिरला की उचलला पाय!"

"पाय उचलतो म्हणून तर जिवंत आहे, काका."

बोलून गेल्यावर बर्नीला आपली जीभ चावावीशी वाटली. वर्लने हेल्मेट जरासं फिरवलं, त्याच्या डाव्या बाजूचा लांब ओरखडा आपल्या पोटाकडे केला आणि सुनेकडे बघितलं. "नोरीन, काढ."

नोरीनला दि लूका मिळाला. "देखणा आहे हो," ती म्हणाली.

"त्याचं देखणेपण हेल्मेटात झाकलेलं असतं, वहिनी. बाहेर दिसतं ते त्याचं खाली घसरणं," बर्नी म्हणाला, आणि अंगण पुन्हा हसायला लागलं. मग बराच वेळ वाद रंगला. वळणाच्या वरच्या, भिंतीकडच्या कडेने जाणारा बरा की आतली, खालची रेघ धरणारा? एका गाडीच्या लहान संघाला कधी दिवस येतील का? टायर बदलायला उशीर झाला म्हणून मॅक्रॅरीची गेल्या वर्षी शर्यत गेली की त्याच्या हट्टामुळे? वर्लला साठ वर्षांची शर्यत तोंडपाठ होती, आणि ती ऐकवायला मे महिना पुरत नसे.

डार्लीन सगळ्यांच्या मागे, स्वयंपाकघराच्या पायरीवर बसली होती. वर्लची थोरली मुलगी. तिचा नंबर आला तेव्हा ती उठली, हेल्मेटात हात घालताना तिने दुसरीकडे बघितलं आणि चिठ्ठी उलगडायला तिला धीर होईना. जोसी निघू नये एवढंच तिचं मागणं होतं. तिची स्वतःची मुलगी, चोवीस वर्षांची, प्लंकेट नावाच्या मालकाच्या एकुलत्या एक गाडीत, शेवटच्या रांगेत.

"मॅक्रॅरी," ती म्हणाली, आणि छातीतला श्वास सोडला.

"रस, तू!" वर्लने धाकट्या मुलाला, नोरीनच्या नवऱ्याला, हाक मारली.

रस शेगडीकडून हात पुसत आला. त्याने चिठ्ठी काढली, उलगडली आणि डोळ्यांसमोर धरली. मग कोंबडी दाणा बघते तशी मान तिरकी केली. क्षणभरच. "हात तेलकट आहेत माझे. नोरीन, वाच गं."

नोरीनने झटकन चिठ्ठी घेतली. "जोसी!"

एकच गलका झाला. बर्नी टाळ्या पिटायला लागला, वर्लने टोपी काढून हवेत धरली. मामाच्या हाती भाचीचं नाव! यापरता शकुन कुठला?

परत पायरीवर बसलेल्या डार्लीनला ते काही ऐकू आलं नाही. वर्लने जोसीचं नाव बाकीच्यांपेक्षा मोठं आणि लाल शाईत लिहिलेलं तिला पायरीवरून दिसत होतं. आणि रसचे हात स्वच्छ होते. पुसतानाच तिने बघितले होते.

आता आठवायला बसलं तर बरंच काही होतं. एप्रिलपासून गाडी नोरीन चालवत होती, रसची पाठ धरलीय म्हणून. परवा तो अंगणात आला तो थेट बादलीवर आदळला, आणि बादलीलाच शिव्या देत राहिला. डार्लीनने बर्फाच्या पेटीतून बिअरचा डबा काढला.

"रस! झेल!"

लहानपणापासूनचा खेळ होता तो. न सांगता फेकायचं आणि न बघता झेलायचं. डबा संथपणे, उंच कमान करून गेला. रसने हाकेच्या दिशेने तोंड केलं, हसला, हात पुढे केले, आणि डबा त्या हातांच्या मधून जाऊन त्याच्या छातीवर आदळला.

"चढली वाटतं इतक्यात!" बर्नी ओरडला. सगळे हसले. रसही हसला.

रसने दिवसभरात बिअरला हात लावला नव्हता. उद्या हाच माणूस तिसऱ्या वळणावरच्या उंच मचाणावर उभा राहून रेडिओवरून जोसीच्या कानात बोलणार होता. त्या गाडीत मान वळत नाही, आरसे थरथरत असतात. शेजारी कोण आहे, आत कोण घुसतंय, रस्ता कधी मोकळा झाला, हे सगळं मचाणावरचा माणूस, म्हणजे स्पॉटर, बघतो आणि चालक त्याच्या शब्दावर चाक वळवतो. बघायला वेळच नसतो. तो 'मोकळं' म्हणाला की वळायचं.

*

"किती दिवस झाले?" डार्लीनने विचारलं.

नोरीन मक्याची कणसं सोलत होती. तिने मान वर केली नाही. "कशाला?"

"वहिनी, मी तुला विचारतेय. किती दिवस झाले त्याला दिसत नाहीये?"

नोरीनच्या हातातलं कणीस तसंच राहिलं. मग ती खाली बसली, सालांच्या ढिगाशेजारी, जमिनीवरच. "डावा डोळा गेल्या हिवाळ्यात गेला. उजव्याला मार्चपासून... डोळ्यामागचा पडदा झिजतोय म्हणे. मधलंच जातं. कडेकडेचं दिसतं. ताई, मी रोज रात्री त्याला सांगते. रोज. तो म्हणतो, एवढी एक शर्यत. मग स्वतःच सांगेन."

"आणि तू गप्प राहिलीस?"

"तो रडला माझ्यापुढे. पंचवीस वर्षांत कधी रडला नव्हता." नोरीनने अंगातल्या झग्याच्या बाहीला डोळे पुसले. "मला रोज वाटायचं तुम्हाला कळावं. आणि कळलं तर काय होईल याची धास्तीही वाटायची."

डार्लीनला तिचा राग आला आणि त्याच क्षणी तिची कीवही आली. कीव बाजूला ठेवून ती रसला शोधायला गेली.

तो गॅरेजमध्ये होता. जुन्या टायरांच्या उतरंडीवर बसून जीनच्या मातीच्या गोल मार्गावरच्या शर्यतींचे फोटो लावलेल्या भिंतीकडे तोंड करून. त्यातलं त्याला किती दिसत होतं देव जाणे.

"डबा मुद्दाम फेकलास," तो म्हणाला.

"हो."

"बाकी कुणाला कळलं?"

"सध्या तरी मला. रस, तू वेडा झालायस का? पोर आहे ती माझी!"

"माझी कुणी नाही का?" रस ताडकन उठला. "पाच वर्षांची होती तेव्हापासून तिच्या कानात मी बोलतोय. माझ्या आवाजाशिवाय ती गाडी बाहेर काढत नाही. तिचं इंजिन मी झोपेतही ओळखतो. मचाणावर शेजारी म्हातारा हॅस्कल उभा असतो, तो त्याच्या चालकाला सगळं ओरडून सांगतो. त्याचं ऐकलं की कोण कुठे आहे मला कळतं. कडेने रंग दिसतात. तीन आठवडे सराव झाला, काही झालं का?"

"हॅस्कल उद्या खोकला तर?"

रसचा आवाज खाली आला. "मग तू ये माझ्यासोबत. तू बघ, मला सांग, मी तिला सांगतो. आवाज माझाच राहील. तिला कळणारही नाही."

"तुझ्या तोंडातून शब्द निघेपर्यंत गाडी वळण संपवून गेलेली असेल. हे मी तुला सांगायचं का?"

डार्लीनची भीती त्याला दिसत नव्हती, पण ऐकू येत होती. त्याला स्वतःलाही रोज रात्री हीच भीती वाटायची. बिछान्यात पडून तो 'मोकळं' हा शब्द मनात उच्चारायचा आणि दचकून उठायचा. सकाळ झाली की वाटायचं, जमेल. जीन गेला त्याच वर्षी त्याने मचाणावर उभं राहायला घेतलं होतं. आपल्या घरचं माणूस पुन्हा आंधळेपणाने धुरळ्यात शिरू नये, म्हणून. ते आठवलं की त्याला स्वतःचीच शिसारी यायची.

"एकच दिवसाचा प्रश्न आहे, डार्ले."

दारात वर्ल उभा होता. काठीवर दोन्ही हात टेकून. किती वेळ उभा होता कळलं नाही.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"आत्ता ऐकलं." म्हातारा आत आला. टायरांवर जागा होती, पण तो बसला नाही. "पोरीला आज सांगितलंस तर उद्या ती उतरेल ती घाबरून. घाबरलेला चालक आंधळ्या स्पॉटरपेक्षा वाईट. साठ वर्षं मी मैदानातल्या त्याच खुर्चीत बसतोय. क्रम दाखवणाऱ्या त्या उंच फलकावर हॉलिंगरांच्या नातीचा नंबर एकदा बघू दे मला. एक दिवस निभावून नेऊ. परवा रस आपणहून खाली उतरेल. काय रे?"

"हो, बाबा," रस म्हणाला.

असे दोघे एका बाजूला झाले. डार्लीनला वाटलं, आता आपण एकट्या. तेवढ्यात मागून नोरीन आली, हाताला मक्याचे केस चिकटलेले, आणि सासऱ्याच्या समोर उभी राहिली. पंचवीस वर्षांत ती अशी कधी उभी राहिली नव्हती.

"उद्या सकाळी मी गाडी काढणार नाही," ती नवऱ्याला म्हणाली. "चालत जा मचाणावर. रस्ता दिसला तर."

"नोरीन!"

"पुरे झालं, रस. मला आता झोप हवीये."

"जीनचाही एकाच दिवसाचा प्रश्न होता, बाबा," डार्लीन म्हणाली.

ते नाव या गॅरेजमध्ये मोठ्याने घेतलं जात नसे. जीन गेला त्या दिवशी मातीच्या गोलावर धुरळा उठला होता, आणि धुरळ्यात एक गाडी आडवी बंद पडली होती. जीनच्या कानात तेव्हा रेडिओ नव्हता. कुंपणाशी उभं राहून हातांनी खुणा करायच्या, तेवढंच. कुंपणाशी डार्लीन होती. तिने ती गाडी सगळ्यांच्या आधी बघितली, दोन्ही हात वर करून ती कुंपणालगत धावत सुटली, किंचाळली, आणि भावाने तिच्याकडे बघितलंच नाही. त्या दिवसानंतर तिने एकही शर्यत जागेवर जाऊन पाहिली नव्हती. पोटच्या मुलीचीसुद्धा. जोसी गोलावर असली की डार्लीन घरी, नळ सोडून भांडी घासत बसायची, आणि छपरांवरून येणारी गाड्यांची घरघर अचानक थांबली की तिचा जीव अर्धा व्हायचा.

*

जोसी चालकांची शहरातली मिरवणूक आटोपून आली तेव्हा अंगणात कुणी नव्हतं. बर्नी एकटाच शेगडीपाशी मांस उलटत होता आणि त्याचा चेहरा उतरलेला होता. "गॅरेजमध्ये आहेत गं सगळे," तो म्हणाला. "मी काही ऐकलं नाही."

तिला लगेच कळलं. ती दारात गेली. चौघं चार दिशांना तोंडं करून उभी होती.

"मामाच्या डोळ्यांचं चाललंय ना?" ती म्हणाली.

वर्लची काठी खाली पडली. कुणी उचलली नाही.

"तुला..." रस म्हणाला.

"शुक्रवारी तू 'मोकळं' म्हणालास तेव्हा माझ्या शेजारी पांढरी गाडी होती, मामा. मला तिचं पुढचं चाक दिसत होतं. हात लांबवला असता तर लागलं असतं." ती हे शांतपणे सांगत होती आणि तिचे ओठ पांढरे पडले होते. "त्याआधीही दोनदा झालं होतं. तेव्हापासून तू मोकळं म्हणालास की मी एक श्वास थांबते. मग वळते."

"एक श्वास!" वर्ल पुटपुटला. त्या वेगाला एक श्वास म्हणजे काय, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? एक श्वास थांबणाऱ्या गाडीच्या मागून येणारा थांबलेला नसतो. "म्हणून तू शेवटच्या रांगेत आहेस?"

"अर्धं त्यामुळे. अर्धं प्लंकेटच्या इंजिनामुळे."

"मग बोलली का नाहीस, पोरी?" रस म्हणाला.

"तू का नाही बोललास?"

रसने तोंड दोन्ही हातांनी झाकलं. भाची त्याच्याजवळ जाऊन बसली आणि तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकवलं. मामा तिला जपत होता आणि ती मामाला. दोघांच्या जपण्यात एक माणूस जाणार होता, आणि तो कुठला हे त्या गॅरेजमध्ये प्रत्येकाला कळत होतं.

वर्ल टायरांवर बसला. फलक, खुर्ची, साठ वर्षं, सगळं त्याच्या डोक्यातून एका झटक्यात उतरलं होतं. "नको उतरूस," तो म्हणाला. "मी चुकलो. नको उतरूस, बाळ."

"मी उतरणार आहे, आजोबा."

"प्लंकेट दुसरा माणूस देईल," नोरीन म्हणाली.

"परक्या आवाजाचा मला आधी विचार करावा लागेल, मामी. तिथे विचाराला जागा नसते." जोसीने आईकडे बघितलं. "आई."

"नाही," डार्लीन म्हणाली. पुढे काय येणार हे तिला त्या एका हाकेत कळलं होतं.

"माझी शर्यत रात्री टीव्हीवर पुन्हा लागते तेव्हा तू बघतेस."

"तेव्हा तू घरी सुखरूप आलेली असतेस! पलंगावर झोपलेली असतेस!"

"झोपलेली नसते. मी दारातून ऐकते. ताट पुसत पुसत तू बडबडत असतेस. आत आहे, आत आहे, अजून आत, मोकळं. टीव्हीवरच्या माणसाच्या आधी बोलतेस. मामाच्याही आधी. आई, असे डोळे मी कुणाचे पाहिले नाहीत."

"डार्ले कुंपणाशी असायची तेव्हा जीन कधी पाठीमागे बघत नसे," वर्ल म्हणाला, आणि मग त्याला रडू आलं. "त्या दिवशी नेमकं त्याने हिच्याकडे बघितलं नाही."

"मला नाही जमणार." डार्लीन भिंतीला टेकली. "जोसी, मी तुला कधी गाडीत प्रत्यक्ष बघितलेलंसुद्धा नाही गं. मला नाही बघवणार. मी डोळे मिटून घेईन. ऐन वेळी मिटून घेईन!"

"मी उतरणार हे ठरलंय," जोसी म्हणाली. "माझ्या कानात कोण असणार, तेवढं तू ठरव."

*

सकाळी सहाला तोफ उडाली आणि शर्यतीच्या मैदानाची फाटकं उघडली. डार्लीन तेव्हा कपडे करून स्वयंपाकघरात बसलेली होती. कॉफी तिला गिळवत नव्हती.

मचाणावर ती उभी राहणार हे ऐकून प्लंकेटने आधी कपाळाला हात लावला. मग तिचं नाव नीट विचारलं. "डार्लीन हॉलिंगर? जीनची बहीण? कुंपणावाली?" जुना माणूस होता, मातीच्या गोलांवर वाढलेला. तो खेळाच्या अधिकाऱ्यांकडे स्वतः जाऊन परवानगी घेऊन आला, आणि रसच्या गळ्यातला पास बदलून घेतला. रसला वर राहू दिलं ते फेऱ्या आणि इंधन सांगायला.

मचाणाच्या जिन्यावर रस पुढे होता. त्याला पायऱ्या पाठ होत्या. "धर कठडा," तो म्हणत होता. "इथे एक पायरी उंच आहे." वर स्पॉटर खांद्याला खांदा लावून उभे होते. म्हाताऱ्या हॅस्कलने डार्लीनकडे बघितलं, मग रसकडे, आणि काही न विचारता दोघांसाठी सरकून जागा केली. त्याला बहुधा सगळंच आधीपासून माहीत होतं. तीन आठवडे तो उगाच इतक्या मोठ्याने ओरडत नव्हता.

समोर तिसरं वळण उघडं पडलेलं. पलीकडे माणसंच माणसं. त्यात कुठेतरी वर्ल आपल्या खुर्चीत बसला होता, कानावर जोसीच्या रेडिओचे शब्द पकडणारं यंत्र लावून. शेजारी नोरीन आणि बर्नी. यंत्रात खरखर आली, मग मुलीचा आवाज आला. जीननंतर तीस वर्षांनी ती पुन्हा शर्यतीत होती.

"जोसी, मी आहे."

"ऐकू येतंय, आई."

वर्लने नोरीनचा हात धरला तो सोडलाच नाही.

हिरवा झेंडा पडला. तेहतीस गाड्यांचा आवाज आधी पोटात आला आणि मग कानांत. डार्लीनच्या पापण्या आपोआप खाली यायला लागल्या. सगळं अंग म्हणत होतं, मीट. मिटून घे. नंतर उघड, सगळं झाल्यावर. मागून रसने तिचे दोन्ही दंड धरले.

"ताई, मला दिसत नाहीये," तो तिच्या कानाशी म्हणाला. "तू मिटलेस तर कुणालाच दिसणार नाही."

आणि गाड्या आल्या. शेवटून दुसरी, निळी, तिची. तिची मुलगी, जिला तिने असं कधी बघितलं नव्हतं, एवढीशी, जमिनीला चिकटलेली. डार्लीनला ओरडायचं होतं, थांब, घरी चल. तोंडातून निघालं ते वेगळंच. "आत आहे. आत आहे. अजून आत. मोकळं."

निळी गाडी श्वासभर थांबली आणि मग वळली.

ते डार्लीनला दिसलं. तिला कुणी सांगायची गरज नव्हती. पुढच्या फेरीलाही तसंच झालं, त्याच्या पुढच्याही. पोरीच्या अंगात ती सवय मुरली होती. मागचे चालक त्या एका श्वासात अंगावर येत होते आणि डार्लीन काही करू शकत नव्हती. ती फक्त बघत होती आणि बोलत होती. घाम डोळ्यांत जात होता, तरी तो पुसायची तिची छाती होईना.

मग वारा फिरला. तिसऱ्या वळणात एका चालकाने पाय उचलला, मागची गाडी त्याच्या गाडीवर चढली, भिंत वाजली आणि धुराचा पांढरा पडदा आडवा पसरला.

जोसीला समोर काहीच दिसेना. तिला फक्त पांढरं दिसत होतं, आणि त्या पांढऱ्यात कुठेतरी आडवी गाडी असणार एवढंच कळत होतं. पाय आपोआप उचलायला लागला.

"वर!" कानात आवाज आला. किंचाळी नव्हती ती. ताट पुसताना आई बोलायची तसाच आवाज. "वर जा. भिंतीला लाग. वरच राहा. वरच."

ती भिंतीला लागली. खालून काहीतरी काळं, फिरत, इतक्या जवळून गेलं की तिच्या आरशाची काच अंधारली.

"मोकळं."

जोसीने श्वास घेतलाच नव्हता. तिने चाक वळवलं, लगेच, त्याच शब्दावर, आणि धूर संपून ऊन लागलं. मागून आलेली गाडी, जोसी वळली नसती तर ती जिथे असती, तिथून सरळ निघून गेली.

पिवळा झेंडा पडला, म्हणजे सगळ्यांनी वेग कमी करायचा. घरघर खाली बसली. गावातल्या किती घरांत त्या क्षणी बायका नळ बंद करून कान देऊन उभ्या राहिल्या असतील. वर्ल खुर्चीत पुढे वाकून यंत्र कानात दाबून धरत होता. शेजारी बर्नीला दिसलं की भिंतीवर गेलेली पहिली गाडी ओस्टरमानची आहे, तो चालत बाहेर आला आहे, आणि आज भांडी आपल्यालाच घासायची आहेत. त्याने ते कुणाला सांगितलं नाही.

मचाणावर डार्लीनचे दंड अजून रसच्या हातांत होते. तिने त्याचा हात दोनदा थोपटला, तेव्हा पोर सुखरूप असल्याचं त्याला कळलं, आणि त्याने कपाळ तिच्या पाठीला टेकवलं.

रेडिओ खरखरला.

"आई?"

"बोलू नकोस. समोर बघ."

"बघतेयस ना?"

"बघतेय," डार्लीन म्हणाली.

गाड्या सावकाश चालल्या होत्या, कुणाला काही होण्यासारखं नव्हतं, तरी तिने डोळे मिटले नाहीत.